कामाच्या जातीचं पिल्लू घरी आणताय? मग दुपारी बारा ते चारचं आधी बघा

पावसाळ्याच्या तोंडावर मला दोन-चार फोन हमखास येतात. “जर्मन शेफर्डचं पिल्लू घेतोय, दिवसातून किती वेळ द्यावा लागेल?” विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. तो मी सांगतोही, पण आधी विचारतो की दुपारी बारा ते चार घरी कोण असतं. त्यावर फोन थोडा वेळ गप्प झाला, की पुढचं बरंचसं मला कळून चुकतं.

कामाच्या जाती म्हणजे जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइज, डॉबरमन, रॉटवायलर, लॅब्रेडॉर आणि आपल्याकडचे कारवान, पश्मी. राखण, शिकार, मेंढरं वळणं, वास काढणं, असं काही ना काही काम पिढ्यानपिढ्या यांच्याकडून करून घेतलेलं आहे. लॅब्रेडॉरचं नाव वाचून कुणी हसेल. पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा जंजीर लॅब्रेडॉरच होता. अशा पिल्लाचं डोकं रिकामं राहत नाही. तुम्ही काम दिलं नाहीत, तर ते आपलं आपण शोधतं. आमच्या शेजाऱ्यांच्या मॅलिनॉइजने सोफ्याच्या आतला काथ्या बाहेर काढण्याचं काम शोधलं होतं आणि ते फार मन लावून केलं होतं.

मी दोन जर्मन शेफर्ड वाढवले. पहिला शेरू, दुसरी मैना. शेरूच्या वेळी मला सांगितलं गेलं होतं, “सगळे डोस पूर्ण होईपर्यंत दाराबाहेर काढू नका.” मी ते शब्दशः पाळलं. साडेचार महिन्यांचा झाल्यावर पहिल्यांदा खाली नेला, तेव्हा तो लिफ्टसमोर पोट टेकून जो बसला तो हलेचना. पुढे आयुष्यभर हेल्मेटवाला माणूस आणि उघडी छत्री दिसली की तो जीव खाऊन भुंकायचा. लोक म्हणायचे, कडक आहे हो तुमचा शेरू. कडक कसला, घाबरट होता बिचारा. मी त्याला जग दाखवायचे दिवस घरात कोंडून घालवले होते.

त्या दिवसांचा हिशोब पक्का आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी ‘नेहमीचं’ होतं. १९६१ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी यावर प्रयोग केला. कुंपण घातलेल्या मैदानात पिल्लं माणसापासून लांब वाढवली आणि वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणली. चौदा आठवडे अजिबात बाहेर न काढलेली पिल्लं पुढे माणसाला जवळ येऊ देईनात, रानटीच राहिली. पिल्लू आठ आठवड्यांचं घरी येतं असं धरलं, तर तुमच्या हातात उरतात जेमतेम चार ते सहा आठवडे. नंतर शिकत नाही असं नाही, पण मग प्रत्येक गोष्टीला दहापट मेहनत पडते.

आणताना

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे ते विकताच येत नाही. तरी महिन्याभराचं पिल्लू हातात ठेवायची पद्धत गेलेली नाही, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि विकणाऱ्याचा दुधाचा-खाण्याचा खर्च वाचतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून चावून किती जोरात चावायचं हे शिकतात. भावंडाला जोरात लागलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा चुकलेलं पिल्लू मग तुमच्या मुलांच्या पोटऱ्यांवर शिकतं.

आई बघायला मागा. ‘ती जरा रागीट आहे, मागे बांधलीये’ असं उत्तर आलं तर चहा घेऊन परत या. आणि पिल्लं ठेवलीत कुठे तेही बघा. गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराशी, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर ऐकत वाढलेलं पिल्लू दोन पावलं पुढे असतं.

पहिले तीन दिवस

काही करू नका. खरंच. सत्यनारायणाला बोलावल्यासारखे पाहुणे बोलावू नका. पिल्लू आई आणि भावंडं एका दिवसात सोडून आलंय. त्याला झोपायची एक जागा, शी-शूची एक जागा आणि घरातली माणसं एवढंच कळू द्या. रात्री त्याची पेटी (झोपायचा जाळीदार क्रेट) तुमच्या पलंगाला लागून ठेवा. रडलं की नुसता हात खाली सोडा. ‘रडू द्या, आपोआप गप्प बसेल’ हा सल्ला मी शेरूच्या वेळी ऐकला होता. गप्प बसला, पण तिसऱ्या रात्री, आणि तोवर खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले होते.

वेळेचा हिशोब

दोन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं. उरलेल्या चार-सहा तासांत चार वेळा जेवण, आठ-दहा वेळा शी-शू, पाच-पाच मिनिटांचे तीन-चार छोटे पाठ आणि पंधरा-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या, त्याही कडेवर घेऊन. सगळं धरून तुमचं पूर्ण लक्ष लागतं ते दोन-अडीच तास. पण घरात कुणीतरी लागतं दिवसभर, कारण या वयात लघवी दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही आणि उठल्यावर एकटं पडलं की ते घाबरतं. म्हणून तो बारा ते चारचा प्रश्न. दोघंही नोकरीला जात असाल तर पहिले तीन आठवडे आलटून पालटून रजा काढा, आजी-आजोबांना विचारा (त्यांना गुडघेदुखी नसेल तरच) किंवा दुपारी येणारा माणूस पैसे देऊन ठेवा. यातलं काहीच जमत नसेल, तर दोन-तीन वर्षांचा, शिकलेला कुत्रा घ्या. त्यात कमीपणा नाही.

यात नवखे लोक उलट्या बाजूनेही चुकतात. मॅलिनॉइज म्हणजे ऊर्जा, असं व्हिडिओत बघून ते पिल्लाला दिवसभर खेळवतात, दमवतात. तिन्हीसांजेला पिल्लू पिसाळल्यासारखं घरभर धावतं, पायाला दात लावतं, सोडवलं तर पुन्हा येतं. मालकाला वाटतं अजून दमलं नाही, म्हणून पुन्हा बॉल काढतो. अहो, ते झोपेला आलंय. लहान मूल पेंगुळलं की किरकिर करतं, तसंच. पेटीत ठेवा, वर चादर टाका. पाच मिनिटांत घोरायला लागेल. तासभर जागं, दोन तास झोप, हा ताल घरातल्या सगळ्यांनी सांभाळायचा. शाळेतून आलेल्या मुलांना हे सांगायला सगळ्यात जड जातं.

एकटं राहणंही शिकवावं लागतं, आणि तेही पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही घरात असतानाच दुसऱ्या खोलीत जा, दार लावा, अर्ध्या मिनिटात परत या. मग दोन मिनिटं, मग दहा. जाताना निरोप नाही, येताना आरती नाही. रजेचे तीन आठवडे चोवीस तास कुशीत घेतलेलं पिल्लू चौथ्या आठवड्यात दार कुरतडतं, तेव्हा दोष पिल्लाचा नसतो.

लस आणि बाहेरचं जग

इथेच सगळे अडतात. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, आपल्याकडे सर्रास आहे. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लस न झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. डॉक्टर घाबरवतात ते उगीच नाही. पण लस पूर्ण होईपर्यंत थांबलात तर ते आठवडेही हातचे जातात.

मैनाच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी तोड सांगितली: पहिल्या डोसनंतर आठवडाभराने बाहेर न्या, पण तिचे पाय जमिनीला लागू देऊ नका. आईच्या जुन्या सुती साडीची झोळी केली, मैना त्यात, झोळी माझ्या गळ्यात. आठव्या आठवड्यात ती सात किलोची होती तेव्हा मजा वाटली. अकरा किलोची झाल्यावर माझा खांदा बोलायला लागला, मग दुचाकीच्या सीटवर बसवून एका हाताने धरून उभा राहू लागलो. गाडी चालू करायची नाही, नुसतं उभं राहायचं. जमिनीवर सोडायचं ते फक्त स्वतःच्या घरात, स्वतःच्या गच्चीवर आणि ज्यांचा कुत्रा मोठा, निरोगी आणि सगळ्या लसी झालेला आहे अशा मित्राच्या अंगणात. भटकी कुत्री फिरतात तो रस्ता, बाग आणि दवाखान्याची फरशी इथे अजिबात नाही. दवाखान्यात तर मांडीवरच.

एक दुपार सांगतो, म्हणजे करायचं काय ते कळेल. मैना नऊ आठवड्यांची. सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर ती माझ्या मांडीत, खिशात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. बोहारीण आली, डोक्यावर स्टीलची टोपली. ती टोपली उतरवायला वाकली आणि वरचं पातेलं सटकून फरशीवर खणखणत गेलं. मैना दचकली, डोकं माझ्या काखेत खुपसलं. मी तिला कुरवाळत ‘अगं बाई, काही नाही, काही नाही’ असा सूर लावला नाही, ओढून पातेल्यापाशीही नेलं नाही. उठलो आणि दहा पावलं मागे जाऊन उभा राहिलो. अर्ध्या मिनिटाने काखेतून एक कान बाहेर आला, मग नाक. पातेल्याकडे बघितलं की एक तुकडा. पुन्हा बघितलं की पुन्हा तुकडा. सहाव्या तुकड्याला शेपूट हलली. मग चार पावलं पुढे. तेवढ्यात बोहारीणबाईच म्हणाल्या, “अजून एकदा पाडू का?” आणि चमचा ताटलीवर हळूच वाजवून दाखवला. एकूण आठ मिनिटं. त्या दिवशीचं बाहेरचं शिक्षण तिथे संपलं, घरी येऊन मैना तीन तास झोपली.

यातलं महत्त्वाचं काय, तर अंतर. पिल्लू तुकडा खातंय म्हणजे अंतर बरोबर आहे. नेहमी हावरट असणारं पिल्लू चिकन नाकाशी धरलं तरी तोंड फिरवतंय, ओठ चाटतंय, जांभया देतंय, शेपूट पोटात घेतंय, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा. ‘सवय होईल’ म्हणून तिथेच धरून ठेवलं तर सवय भीतीची होते.

काय काय दाखवायचं

तुमच्या गल्लीत जे आहे ते सगळं. हेल्मेट घातलेला, रेनकोट घातलेला, काठी टेकत येणारे आजोबा, दाढीवाले, बुरख्यातल्या बाई, गणवेशातला वॉचमन, रांगणारं बाळ, धावणारी पोरं. भंगारवाल्याची हाक, कचऱ्याच्या गाडीचं गाणं, लिफ्टचं दार, उघडणारी छत्री. पायाखाली ओली फरशी, जाळी, खडी, पत्रा, जिना. दिवसाला दोन-तीन नव्या गोष्टी पुरेत. यादी पूर्ण करायच्या नादात पिल्लाला पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी घेऊन जाणारे महाभाग मी पाहिलेत.

पुण्यात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये ढोल-ताशाचा सराव ही फुकटची शाळा असते. नदीपात्रात पथकं वाजवत असतात, आपण पलीकडच्या काठावर, अगदी लांब. आवाज नुसता घुमेल एवढंच. पाच मिनिटं, खाऊ, घरी. दर दोन दिवसांनी थोडं जवळ. मैना चार महिन्यांची होईस्तोवर दीडशे-दोनशे फुटांवर ढोल वाजत असताना माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडायची. शेरू त्याच आवाजाला न्हाणीघरात बादलीमागे लपायचा.

ओळख नको, सवय हवी

कामाच्या जातीच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बहुतेक भांडणं यावरूनच होतात. पिल्लाला लोकांत न्या याचा अर्थ प्रत्येकाच्या हातात द्या असा नाही. लिफ्टमधल्या प्रत्येक माणसाने ‘कित्ती गोड’ म्हणून कुरवाळलं, की पिल्लू शिकतं की माणूस दिसला रे दिसला की झेपावायचं. आज ते सात किलोचं आहे. दहा महिन्यांनी तीस किलोचं असेल आणि तुमच्या हातातला पट्टा घेऊन पलीकडच्या आजींच्या अंगावर जाईल, तेही प्रेमाने. माझा हिशोब असा: दहा माणसं दिसली तर दोघांनी हात लावायचा, तोही पिल्लू आपणहून गेलं तर. बाकीची आठ नुसती बघायची आणि माझ्याकडे वळून खाऊ घ्यायचा. इतर कुत्र्यांचंही तेच. कारवान घेतला असेल तर हात लावणारे आणखी कमी करा, त्या जातीला परक्याचा स्पर्श मुळातच फारसा रुचत नाही. त्याला सभ्यपणे उभं राहता आलं तरी पुष्कळ.

दुसरं टोक राखणीवाल्यांचं. ‘लोकांत मिसळला तर राखण काय करणार?’ म्हणून पिल्लू दिवसा अंधाऱ्या खोलीत, रात्री साखळीला. गावाकडे तर तिखट झालं पाहिजे म्हणून हिरवी मिरची चारणारेही भेटतात. त्यातून होतो तो शेरू: पोस्टमनवरही भुंकणारा, वाऱ्याने हललेल्या प्लास्टिकवरही भुंकणारा. चोर खरोखर आला तर अशा कुत्र्याच्या भुंकण्याकडे मालक कुशीसुद्धा बदलत नाही. रोजचं काय ते ठाऊक असलेल्या कुत्र्यालाच वेगळं काय ते कळतं. राखण जातीत असते, कुत्रा वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावर ती आपणहून वर येते.

यावर कुणीतरी हटकून धनगरांच्या कुत्र्यांचं उदाहरण देतं. त्यांना कोण झोळीत घालून फिरवतं? बरोबर. पण दिवाळीच्या सुमारास फलटण-बारामतीकडून कोकणाच्या वाटेला लागलेला वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा धनगरांचा तांडा, एकदा नीट बघा. पिल्लू मेंढरांतच वाढतं, कोकरांच्या उबेला झोपतं. घोड्यावरचं बिऱ्हाड, पोरं, कोंबड्या, रस्त्यावरचे ट्रक, परकी गावं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून रोज जातं. कुणी त्याला मुद्दाम वेळ देत नाही, पण ते मिनिटभरही एकटं नसतं. त्याला कामावर नेणं हा वेगळा कार्यक्रम नाही, ते कामातच जन्मलेलं असतं. आपण तिसऱ्या मजल्यावरचे लोक जे अडीच तास मोजून देतो, ती त्या चोवीस तासांची भरपाई असते.

डोक्याचं काम

तीन महिन्यांनंतर रोज थोडं. जेवणातला अर्धा भाग ताटलीत न देता गोणपाटाच्या घड्यांत किंवा गच्चीवर लपवा आणि नाकाने शोधायला लावा. दहा मिनिटं हुंगणं अर्ध्या तासाच्या धावण्याइतकं दमवतं, निदान आमच्याकडे तरी. जुन्या जीन्सची दोरी करून ओढाओढी खेळा, आणि ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं की लगेच पुन्हा द्या. लेझरचा ठिपका भिंतीवर नाचवू नका. जो कधीच हाती लागत नाही त्याच्यामागे ही कुत्री वेडी होतात, मग सावल्यांमागे धावतात. सायकलमागे पळवणं वर्ष-दीड वर्षापर्यंत बंद, हाडं तयार व्हायची असतात. फेरी सकाळी सातच्या आत. उन्हाळ्यात डांबरावर आधी स्वतःचा तळहात टेकवून बघा.

पुन्हा एकदा भीती

सहा महिने ते सव्वा वर्ष या काळात कधीतरी चांगलं वाढवलेलं पिल्लूसुद्धा अचानक बिथरतं. काल ज्याच्याजवळून शेपूट उडवत गेलं त्यालाच आज बघून केस उभे. लोक इथे दोन चुका करतात: ओरडतात किंवा बाहेर नेणंच थांबवतात. करायचं तेच, जे मैना नऊ आठवड्यांची असताना केलं होतं. अंतर वाढवायचं, खिशात खाऊ, घाई नाही. सुधारणा होण्याऐवजी गुरगुरणं वाढत चाललं किंवा दात लागले, तर मात्र मारून सरळ करणारा नव्हे, खाऊ देऊन शिकवणारा प्रशिक्षक गाठा.

मैना दहा महिन्यांची असताना फेब्रुवारीत आमच्या कोपऱ्यावर शिवजयंतीचा मांडव उभा राहिला. बांबू, वर फडफडणारं भगवं कापड. गणपतीत ढोलाला न बधलेली मैना त्या कापडाला बघून रस्त्यात थांबली आणि घशातून आवाज काढायला लागली. आम्ही समोरच्या फुटपाथवरून गेलो. दुसऱ्या दिवशी समोरच्याच फुटपाथवर दोन मिनिटं थांबलो. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडला, वीस फुटांवर बसलो, मांडववाल्या पोरांनी चहा पाजला. चौथ्या दिवशी ती पट्टा सैल ठेवून स्वतःच पुढे गेली, बांबूचा बुंधा नीट हुंगला आणि तिथेच बसून शू केली. पोरं हसली, मी घरून पाण्याची बादली आणून जागा धुतली.